नवा नियम कोणत्या घरात पोचतो?

घराच्या वायरिंगची नियमावली कधी बारीक होत नाही, ती जाडच होत जाते. अमेरिकेतली राष्ट्रीय विद्युत संहिता १८९७ मध्ये पहिल्यांदा निघाली आणि आता दर तीन वर्षांनी तिची नवी आवृत्ती येते. ब्रिटनमध्ये बीएस ७६७१ या मानकाची अठरावी आवृत्ती २०१८ मध्ये आली आणि तिच्यातही दुरुस्त्यांची भर पडत राहिली. आपल्याकडची राष्ट्रीय विद्युत संहिता १९८५ ची. ती २०११ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सुधारली गेली. त्याच २०२३ साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षा आणि वीजपुरवठ्याविषयीची नवी नियमावली आणली. प्रत्येक आवृत्तीबरोबर तोच वाद नव्याने रंगतो. बिल्डर म्हणतो, हा सगळा उपकरणे खपवण्याचा धंदा आहे आणि भुर्दंड शेवटी घर घेणाऱ्यालाच. सुरक्षेच्या बाजूचे लोक म्हणतात, यातले प्रत्येक कलम कुणाच्या तरी मृत्यूनंतर लिहिले गेले आहे, त्याला हात लावू नका. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य आहे, पण दोघेही नियमावलीला एकच गठ्ठा समजतात. त्या गठ्ठ्यात जीव वाचवणारी कलमे आहेत, केवळ अंदाजावर उभी असलेली आहेत आणि काही तर यंत्रांच्या तयारीआधीच लागू झालेली आहेत. तेव्हा प्रश्न कलमागणिक विचारायला हवा: हे कलम मृत्यूच्या कोणत्या वाटेवर अडसर घालते, आणि ती वाट ज्या घरांतून जाते त्या घरांपर्यंत ते पोचते का?

ज्याच्याबद्दल फारसा वाद उरलेला नाही अशा कलमापासून सुरुवात करू. वीज माणसाला मारते ती बहुतेकदा हृदयाची लय बिघडवून, आणि त्याला फार मोठा प्रवाह लागत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथले प्राध्यापक चार्ल्स डॅलझिएल यांनी शरीरावर विजेचे परिणाम मोजण्यात बरीच वर्षे घालवली. साधारण १० ते १६ मिलिअँपिअर प्रवाह हातातून गेला तरी स्नायू आवळतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. घरातला एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा ब्रेकर, मात्र १६ किंवा २० अँपिअरचा, म्हणजे हजारपट मोठ्या प्रवाहावर डोळा ठेवणारा. तो वायर वाचवण्यासाठी बसवलेला असतो, माणूस वाचवणे हे त्याचे कामच नव्हे. डॅलझिएल यांनी १९६१ मध्ये जे उपकरण तयार केले ते वेगळीच गोष्ट बघते: फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का? नाही आला, तर तो दुसरीकडून, कदाचित कुणाच्या शरीरातून, जमिनीत चालला आहे, लगेच तोडा. अमेरिकेत ही मर्यादा ४ ते ६ मिलिअँपिअर, युरोपात आणि भारतात ३० मिलिअँपिअर. आपल्याकडे त्याला आरसीसीबी म्हणतात आणि बहुतेक वायरमन अजूनही जुन्या सवयीने ईएलसीबी म्हणतात. अमेरिकी संहितेने ते १९७१ मध्ये घराबाहेरच्या सॉकेटला, १९७५ मध्ये न्हाणीघरात, १९८७ मध्ये स्वयंपाकघरात सिंकजवळ असे एकेक पाऊल टाकत सक्तीचे केले. त्यानंतरच्या दशकांत तिथे घरगुती उपकरणांच्या शॉकने होणारे मृत्यू कित्येक पटींनी घटले.

ही घट एकट्या त्या कलमाची, असे मात्र म्हणता येत नाही. त्याच काळात दुहेरी इन्सुलेशनची ड्रिल मशिने आली, प्लॅस्टिकच्या आवरणाची उपकरणे आली, तीन पिनांचे सॉकेट सर्वत्र झाले. यातले श्रेय कसे वाटायचे याची एक चांगली कसोटी अमेरिकेतल्या हेअर ड्रायरने दिली आहे. ऐंशीच्या दशकात चालू किंवा नुसता प्लग लावून ठेवलेला ड्रायर टबात पडून माणसे, त्यातही लहान मुले, दरवर्षी मरत होती. मग ड्रायरच्या प्लगमध्येच पाण्यात पडताच वीज तोडणारी व्यवस्था उत्पादन-मानकाने सक्तीची केली, आणि काही वर्षांत हे मृत्यू जवळजवळ थांबले. भिंतीतले सॉकेट तीस-चाळीस वर्षे तसेच राहते, ड्रायर पाच-सात वर्षांत बदलला जातो. म्हणून वस्तूवर घातलेला नियम जुन्या घरातही शिरला, आणि भिंतीवर घातलेला नियम नव्या घराच्या उंबरठ्यावर थांबला. उपाय तोच, तत्त्व तेच. फरक फक्त तो किती लवकर किती घरांत गेला याचा. पुढच्या सगळ्या विवेचनाची किल्ली मला इथे दिसते.

भारतीय घरात तर आरसीसीबीचे काम अमेरिकेपेक्षाही मोठे आहे, आणि ते एका साध्या गणिताने दिसते. अनेक इमारतींत घराची अर्थिंग म्हणजे आवारात पुरलेली स्वतःची प्लेट किंवा पाइप. पावसाळ्यात ओली असताना ती बरी काम करते. मे महिन्यात खड्डा कोरडा पडला, मीठ-कोळसा वर्षानुवर्षे बदललेला नसला, की तिचा रोध सहज ५० ओहमपर्यंत जातो. आता गिझरची कॉइल फुटली आणि फेज त्याच्या धातूच्या अंगाला लागला असे समजा. २३० व्होल्ट भागिले ५० ओहम, म्हणजे जमिनीत जाणारा प्रवाह साडेचार अँपिअरच्या आसपास. १६ अँपिअरच्या एमसीबीला हा प्रवाह म्हणजे रोजचा भार. तो जागचा हलत नाही. गिझरचे अंग मात्र जवळजवळ पूर्ण दाबावर तासन् तास उभे राहते, आणि नळाला हात लावणारा ओल्या पायांनी उभा असतो. ‘आमच्याकडे अर्थिंग आहे’ हे वाक्य इथे काहीच कामाचे नाही. याच वायरिंगमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असता तर अर्थिंगचा रोध दीड हजार ओहम असूनही दोष होताक्षणी वीज गेली असती. वाईट अर्थिंगला सांभाळून घेणारे दुसरे स्वस्त साधन आज तरी नाही. दीड-दोन हजार रुपयांत येणाऱ्या या डबीबद्दल ‘नियम खरोखर सुरक्षा वाढवतो का’ असा प्रश्न कुणी विचारला, तर उत्तर निःसंदिग्ध ‘हो’ आहे.

हाच विश्वास पुढच्या कलमांवर टाकता येत नाही. आर्क ओळखणारा ब्रेकर घ्या. उंदराने कुरतडलेली वायर, खिळ्याने चिरलेले इन्सुलेशन, पलंगाच्या पायाखाली चेपलेली एक्स्टेन्शन कॉर्ड अशा ठिकाणी ठिणग्या उडत राहतात, प्रवाह फार वाढत नाही, एमसीबी गप्प बसतो आणि गादी पेटते. ठिणगीची विद्युत-लक्षणे ओळखून वीज तोडणारा ब्रेकर अमेरिकेने १९९९ च्या संहितेत घातला, तो २००२ पासून नव्या घरांच्या शयनगृहांना सक्तीचा केला, २००८ मध्ये बैठकीच्या खोल्यांना आणि २०१४ मध्ये स्वयंपाकघरालाही. कल्पना उत्तम आहे. पण आगी किती टळतील हा आकडा आधी तज्ज्ञांच्या अंदाजाने ठरला, प्रत्यक्ष अनुभवाने नव्हे. शिवाय तिथल्याच ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या १९८७ च्या अभ्यासात वायरिंगमुळे लागणाऱ्या आगींचे प्रमाण चाळीस वर्षांहून जुन्या घरांत सर्वाधिक आढळले होते. सक्ती झाली ती नव्या घरांना. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते याला. तांत्रिक मर्यादाही आहे: सैल स्क्रूखाली वायर हळूहळू तापून लाल होते तेव्हा अनेकदा ठिणगी नसतेच, नुसती उष्णता असते, आणि ती या ब्रेकरला थेट दिसत नाही. अमेरिकेत १९६५ ते १९७३ दरम्यान ॲल्युमिनियमची वायर टाकलेल्या घरांची मोठी समस्या हीच होती, जोडावर तापणे. आयोगासाठी झालेल्या पाहणीत १९७२ पूर्वीच्या अशा घरांत एखादा जोड आगीच्या पातळीपर्यंत तापण्याची शक्यता तांब्याच्या घरांच्या ५५ पट आढळली. त्यावर उपाय नव्या ब्रेकरपेक्षा जोड उघडून नीट करण्याचाच. ब्रिटनने याबाबत जास्त तोलून पाऊल टाकले. २०२२ च्या दुरुस्तीत हा ब्रेकर उंच इमारती, वृद्धाश्रम, विद्यार्थी वसतिगृहे अशा जास्त जोखमीच्या ठिकाणी सक्तीचा केला आणि बाकी घरांना फक्त शिफारस केली. पुरावा अर्धा असेल तर सक्तीही अर्धी, हे शहाणपण मला पटते.

काही कलमे तर हेतू चांगला असूनही घाईने आली. अमेरिकी संहितेच्या २०२० च्या आवृत्तीने घराबाहेरच्या एसी युनिटलाही गळती-संरक्षण सक्तीचे केले. नवे इन्व्हर्टर एसी आतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे थोडी उच्च वारंवारतेची गळती करतातच. ब्रेकर विनाकारण पडू लागले, ऐन उन्हाळ्यात घरे तापली, आणि शेवटी त्या कलमाला २०२६ च्या सप्टेंबरपर्यंत सूट द्यावी लागली. त्याच आवृत्तीने सर्ज-संरक्षक सक्तीचा केला. तो टीव्ही-फ्रिज वाचवतो हे खरे, पण त्याला जीवरक्षक कलमांच्या पंगतीत बसवणे ओढूनताणून आहे. इथे उत्पादकांवर बोट ठेवले जाते, आणि संशय अगदीच बिनबुडाचा नाही, कारण संहिता ठरवणाऱ्या समित्यांवर उत्पादकांचे प्रतिनिधी असतात. पण कुठल्याही एका हितसंबंधाला एक तृतीयांशाहून जास्त जागा न देण्याचा नियमही तिथे आहे. आणि कुणाला नफा होतो एवढ्यावरून कलम वाईट ठरत नाही. आरसीसीबी विकूनही कुणीतरी पैसे कमावतोच. उलट काही नवी कलमे दिसायला किचकट आणि तरी अगदी रास्त असतात. साधा ‘एसी’ प्रकारचा आरसीसीबी इन्व्हर्टर वॉशिंग मशिनच्या गळतीतल्या डीसी घटकापुढे आंधळा पडू शकतो, म्हणून ‘ए’ प्रकार मागणे ही हौस नव्हे. घरातली यंत्रे बदलली म्हणून पहारेकरी बदलणे आहे.

विनाकारण ट्रिप होणे हा आपल्याकडेही नियमाचा खरा शत्रू आहे, आणि तो कसा काम करतो हे एखादा डीबी, म्हणजे घरातली वीज-वाटणीची पेटी, उघडून बघितले तर कळते. झाकण काढले की आरसीसीबी जागेवर असतो, दांडा वर असतो, टेस्टचे बटणही दिसते. पण खालच्या बाजूच्या वायरी काढून वरच्याच टर्मिनलमध्ये कोंबलेल्या असतात. वीज त्याला वळसा घालून जाते. असे का केले, याचे उत्तर वायरमन प्रामाणिकपणे देतो: ‘सारखा ट्रिप मारत होता.’ तो मारत होता कारण दोन खोल्यांचे न्यूट्रल कुठेतरी भिंतीत एकत्र बांधलेले होते, किंवा नंतर बसवलेल्या बॅटरी-इन्व्हर्टरचा न्यूट्रल मूळ वायरिंगच्या न्यूट्रलला जोडलेला होता, किंवा कोकणातल्या पावसात भिंतीतला जंक्शन बॉक्स ओला झाला होता. म्हणजे तीनपैकी तिन्ही वेळा उपकरण खरे बोलत होते. चूक शोधायला इन्सुलेशन तपासणारा मेगर हवा, दोन-तीन तास हवेत, आणि मालक तेवढ्या मजुरीला तयार नसतो. वळसा घालायला पाच मिनिटे पुरतात. उपायही अज्ञात नाही. मानकाप्रमाणे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ च्या वर कधीही पडू शकतो. अख्ख्या घरातल्या संगणक, एलईडी, इन्व्हर्टर एसी यांची बारीक गळती एकाच डबीवर टाकण्याऐवजी दोन-तीन गटांत वाटली, की तक्रारी कमी होतात. नियम लिहिताना ‘एक आरसीसीबी बसवा’ एवढे लिहून थांबणे म्हणजे वळशाला आमंत्रण देणे. अमेरिकेत माणसे टेस्टचे बटण दाबत नाहीत हे मान्य करून २०१५ पासून त्या उपकरणाने स्वतःची तपासणी स्वतःच करावी अशी अट घातली गेली. माणसाच्या शिस्तीवर कमीत कमी विसंबणारा नियम जास्त टिकतो.

तेव्हा नवे कलम आणण्याइतकेच, जुन्या घरात शिरण्याचा रस्ता काढणे महत्त्वाचे. तो काही देशांनी काढला आहे. डेन्मार्कने २००८ च्या जुलैपर्यंत प्रत्येक घरात, ते कितीही जुने असो, गळती-संरक्षण असलेच पाहिजे असा कायदा केला. पश्चिम ऑस्ट्रेलियाने २००९ पासून घर विकण्यापूर्वी किंवा नव्याने भाड्याने देण्यापूर्वी निदान दोन आरसीडी, म्हणजे आरसीसीबीच्या जातीची उपकरणे, बसवण्याची अट घातली. फ्रान्समध्ये पंधरा वर्षांहून जुन्या वायरिंगचे घर विकताना तिचा तपासणी-अहवाल खरेदीदाराला द्यावा लागतो. इंग्लंडने २०२० मध्ये भाड्याच्या घरांच्या वायरिंगची दर पाच वर्षांनी तपासणी सक्तीची केली. दक्षिण आफ्रिकेत घर हस्तांतरित होताना विद्युत-अनुरूपता प्रमाणपत्र लागते. या सगळ्यांत नवे तंत्रज्ञान काहीच नाही. व्यवहाराचा एक क्षण पकडायचा, जेव्हा घरमालकाच्या हातात पैसा येत असतो आणि कागद तयार होतच असतात, आणि तिथे एक अट अडकवायची, एवढीच ही युक्ती आहे.

भारताची गोष्ट याच्या उलट बाजूने सुरू झाली. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत पुढे घातलेल्या ६१-अ कलमाने गळती-संरक्षण आणले खरे, पण ५ किलोवॅटखालच्या लो व्होल्टेज जोडण्यांना त्यातून वगळले. म्हणजे बंगल्याला संरक्षण, आणि एक दिवा, एक पंखा, पत्र्याची भिंत आणि मातीची जमीन असलेल्या घराला सूट. शॉक लागण्याची शक्यता कुठे जास्त, याचा विचार केला तर ही सूट नेमकी चुकीच्या घराला दिली गेली होती. पुढच्या नियमावल्यांत ही मर्यादा खाली आणली गेली आणि घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअर ही पातळी स्पष्ट लिहिली गेली. दरम्यान कोट्यवधी लहान जोडण्या जुन्या सवलतीखाली होऊन गेल्या, आणि २०१७ च्या सौभाग्य योजनेने अडीच कोटींहून अधिक घरांत वीज नेली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत अलीकडच्या वर्षांत विजेच्या धक्क्याने दरवर्षी बारा हजारांहून अधिक मृत्यू दिसतात. दोन-तीन दशकांपूर्वीच्या तुलनेत ते खूपच वाढले आहेत. यावरून काही जण म्हणतात, नियम कडक होत गेले आणि मृत्यूही वाढत गेले, मग नियमांचा उपयोग काय? हा निष्कर्ष घाईचा आहे. वीज वापरणारी माणसे आणि वस्तू वाढल्या, नोंदी सुधारल्या, आणि त्या आकड्यात शेतातला मोटरपंप, तुटून पडलेली तार, कुंपणात सोडलेला प्रवाह हे सगळे एकत्र आहे. घरातले मृत्यू वेगळे काढलेलेच नाहीत. नियम फसला असे यातून सिद्ध होत नाही. तो त्या घरांत गेलाच नव्हता एवढे मात्र दिसते.

आगीच्या बाबतीत तर आपल्याला कारणच नीट माहीत नसते. पंचनाम्यात ‘शॉर्ट सर्किट’ लिहिले की विषय मिटतो. जळालेल्या वायरीच्या टोकाला तांब्याचा गोळा सापडला की तो पुरावा मानला जातो. पण बाहेरच्या आगीने इन्सुलेशन वितळले तरी वायरी एकमेकींना चिकटून तसाच गोळा बनतो. आग आधी की शॉर्ट सर्किट आधी, हे न तपासता गोळा केलेल्या आकडेवारीवर कोणते नवे कलम तोलायचे? तपासणीची दुसरी बाजूही सैल आहे. विद्युत निरीक्षकाची मंजुरी लागते ती १५ मीटरहून उंच इमारतींना. त्याखालच्या घराची मदार ठेकेदाराच्या टेस्ट रिपोर्टवर. तो रिपोर्ट म्हणजे इन्सुलेशनचा रोध, अर्थिंगचा रोध, पोलॅरिटी यांची मोजमापे असावीत अशी अपेक्षा आहे. मीटर हातात न घेता, घर न बघता, परवानाधारकाची सही ठरलेल्या पैशांत मिळते हे जोडणी घेणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. परवाना एकाचा, सही त्याची, आणि प्रत्यक्ष काम आयटीआयची पायरीही न चढलेल्या पोराचे. वीजतंत्री आणि तारतंत्री हे दोन अभ्यासक्रम राज्यभर शिकवले जातात. त्यातून बाहेर पडलेल्या मुलाला नियमानुसार काम केल्याबद्दल बाजार एक रुपया जास्त देत नाही, ही खरी अडचण.

सक्तीची तपासणी म्हटली की ‘इन्स्पेक्टर राज’ची भीती पुढे येते, आणि महाराष्ट्रात तिला आधार आहे. २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने इमारतीची अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे ‘ब’ नमुन्यातले प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत मागितले. अनेक सोसायट्यांत तो निव्वळ कागद झाला आहे. पण अग्निशमन यंत्रणेची चाचणी अवघड आणि खर्चीक असते. आरसीसीबीची चाचणी हातातल्या यंत्राने मिनिटभरात होते, निकाल मिलिसेकंदांत छापून येतो, आणि तो भाडेकरूलाही वाचता येतो. ज्याचा जीव टांगणीला आहे त्याच्याच हातात आकडा पडला, तर खोटी सही करणे अवघड होते. दुसरा आक्षेप गरिबांच्या खिशाचा. तो खरा आहे, म्हणूनच लहान जोडणीत हे उपकरण मीटरबरोबर वीज कंपनीनेच द्यावे. सवलतीच्या दरात वीज देणाऱ्या व्यवस्थेला हा एकदाचा खर्च झेपणार नाही असे म्हणणे कठीण आहे. तिसरा आक्षेप असा की आरसीसीबी सगळे थांबवत नाही. बरोबर: फेज आणि न्यूट्रल दोन्ही धरणाऱ्याला तो वाचवत नाही, घरावरून गेलेल्या उघड्या तारेला तो काही करू शकत नाही, ओव्हरलोडही त्याच्या कक्षेत नाही. पण अपूर्ण उपाय आणि निरुपयोगी उपाय यांत फरक असतो.

महाराष्ट्राला व्यवहाराचा तो क्षण शोधत हिंडावे लागणार नाही. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार प्रत्येक लिव्ह अँड लायसन्स करार लेखी असावा लागतो आणि नोंदवावाच लागतो. त्या नोंदणीला एका पानाची जोड द्या: आरसीसीबी किती मिलिसेकंदांत पडला, अर्थिंगचा रोध किती, तपासणाऱ्याचा परवाना क्रमांक काय. आर्क ब्रेकर आणि सर्ज-संरक्षकाची चर्चा त्यानंतर सावकाश करता येईल. २०२३ च्या संहितेतली पुढची पाने तोवर नव्या टॉवरांपुरती राहिली तरी चालतील. आणि सरकारने हे करेपर्यंत, घर भाड्याने घेणाऱ्याने डिपॉझिटचा चेक देण्याआधी डीबीपाशी जाऊन टेस्टचे बटण दाबावे. दांडा खाली पडून घरातली वीज गेली नाही, तर तिथेच बोलणी थांबवावीत.